काळी दोन

न्यूयॉर्क, 1972. ग्रिनिच व्हिलेजमधला वेस्ट एट्थ स्ट्रीट. 52 क्रमांकाच्या इमारतीची विटांची भिंत फुगून रस्त्याकडे आल्यासारखी दिसते. दार ढकलून तुम्ही जिना उतरू लागता, तसा रस्त्यावरचा गोंगाट एकेका पायरीवर मागे राहत जातो. खालच्या भिंती सरळ नाहीत. हात फिरवत गेलात तर कोपरा लवकर सापडत नाही. त्यांच्यावर अंतराळ रंगवलेलं आहे. पायाखाली, जमिनीच्याही खाली, मिनेटा नावाचा जुना ओढा अजून वाहतो. ही जागा बांधताना त्याचं पाणी आत शिरलं होतं, ते पंप लावून उपसावं लागलं होतं.

हा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ. जिमी हेंड्रिक्सने स्वतःसाठी बांधून घेतलेला. ऑगस्ट 1970 मध्ये तो उघडला आणि पुढच्याच महिन्यात, 18 सप्टेंबरला, हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला. म्हणजे ज्याच्यासाठी या भिंती वळल्या तो इथे जेमतेम वाजवून गेला. त्याच्यामागे त्या दुसऱ्यांच्या उपयोगी पडताहेत.

काचेपलीकडे रॉबर्ट मार्गुलेफ आणि माल्कम सेसिल बसले आहेत. त्यांच्याकडे टोन्टो नावाचं अजस्र सिंथेसायझर आहे, कपाटांच्या अर्धवर्तुळासारखं. काचेच्या या बाजूला ड्रम्सवर एक तरुण बसलाय, बाविशीच्या आतबाहेरचा. मान एका लयीत डावी-उजवीकडे झुलते आहे. स्टीव्ही वंडर. बाराव्या-तेराव्या वर्षीच देशभर नाव झालेला हा मुलगा एकविसावं सरल्यावर आपल्या कंपनीशी नव्याने करार करून बसला आहे. काय वाजवायचं, कसं वाजवायचं, हे आता तोच ठरवतो. म्हणून ड्रम्सही तोच वाजवतोय.

सुरुवातीला नुसता ताल. मिनिटाला शंभरेक ठोके, घाई कसलीच नाही. हाय-हॅटवर मात्र काठी किंचित लडखडत चालते, मुद्दाम. सरळ चालणारा माणूस मध्येच खांदा उडवतो तसं. तुमचा पाय हलू लागला असेल. हलू द्या.

मग तो उठतो आणि हाताने अंदाज घेत एका चपट्या पेटाऱ्यापाशी येऊन बसतो. याच्यासाठीच तर तुम्हाला इथवर आणलं.

पहिला आवाज येतो तेव्हा तुम्ही आजूबाजूला गिटार शोधता. गिटार नाही. आवाज तारेचा आहे, पण गिटारची तार छेडल्यावर मागे जी शेपटी उरते ती याला नाही. चट्. संपलं. पुन्हा चट्, आणि दोन चटांच्या मध्ये काहीतरी दबलेलं, अर्धवट, जणू स्वर व्हायचं राहून गेलेलं. तुम्ही तबला ऐकत वाढला असाल तर तुमच्या कानाला हे लगेच कळेल. खुल्या बोलांच्या मध्ये बंद बोल भरले जातात ना, बोटं शाईवर टेकलेलीच राहतात, तिटकत, ते हे. फक्त इथे प्रत्येक बोलाला सूर आहे.

आता त्याच्या बोटांकडे बघा. तो जवळजवळ सगळा वेळ काळ्या पट्ट्यांवर आहे.

पेटी शिकलेल्या कुणालाही हे दिसल्यावर राहवणार नाही. त्याचा षड्ज काळी दोन. कोमल गंधार काळी तीनवर, मध्यम काळी चारवर, पंचम काळी पाचवर आणि कोमल निषाद काळी एकवर. पाचच्या पाच काळ्या, पांढरी एकही नाही. आणि सा, कोमल ग, म, प, कोमल नी, हे तर धानीचे स्वर. तो वाजवतोय त्या 'सुपरस्टिशन' या गाण्याची मुख्य चाल जवळजवळ याच पाचांत फिरते. धानीचा आणि या गाण्याचा काही संबंध नाही, हे मलाही माहीत आहे. आफ्रिकी मुळांतून, चर्चमधून, ब्लूजमधून आलेले ते पाच स्वर आहेत, त्यांचा इतिहास वेगळा आणि वेदनेचा. पण बोटांना इतिहास माहीत नसतो, त्यांना उंचवटे माहीत असतात. जन्मानंतर लगेच दृष्टी गेलेल्या या माणसाच्या हातांना काळ्या पट्ट्या सापडतात त्या स्पर्शाने: दोन, मोकळी जागा, तीन, मोकळी जागा. पुढे या अल्बमच्या, 'टॉकिंग बुक'च्या, वेष्टनावर ब्रेलचे ठिपके उठवले जातील. ते हाती घ्याल तेव्हा डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. मग ही बोटं अशी का चालतात ते थोडं कळेल.

तो एकदा वाजवतो. मग टेप मागे नेऊन त्याच वाद्यावर दुसरी चाल वाजवतो, पहिलीच्या फटींत बसणारी. मग आणखी एक. एकावर एक थर चढतात आणि तरी गर्दी होत नाही. का होत नाही? इथे थोडं थांबायला हवं. माझ्या मते या वाद्याचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे.

पेटाऱ्याचं झाकण उघडं आहे असं समजा आणि जवळ जा. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही, तेव्हा निःसंकोच वाका. हा क्लॅव्हिनेट. साठ पट्ट्या, साठ तारा. प्रत्येक पट्टीच्या पोटाला रबराचा छोटा बोंडा आहे. पट्टी दाबली की रबर तारेवर आपटतं आणि तिला खालच्या बारीकशा धातूच्या ऐरणीवर दाबून धरतं. पियानोचा हातोडा तारेला मारून मागे फिरतो, हे रबर मात्र बोट उठेपर्यंत तारेला सोडत नाही. त्या दाबाने तारेचे दोन भाग होतात. एक भाग थरथरतो, आणि ती थरथर गिटारला असतात तसे दोन पिकअप टिपून घेतात. दुसऱ्या भागात, अगदी डावीकडच्या टोकाला, तारांच्या मधून लोकरीचा धागा विणलेला आहे. साधी लोकर, स्वेटरची असते तशी. बोट पट्टीवर आहे तोवर लोकरीची सत्ता फक्त त्या मुक्या तुकड्यावर चालते. बोट उचललं की रबर सुटतं, दोन्ही तुकड्यांची पुन्हा एक तार होते, आणि लोकर सगळा नाद गिळून टाकते.

आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात. एवढासा सुती दोरा, पण तो नेमक्या जागी बसला की नाद उलगडतो, लांबतो, खोली भरून टाकतो. जवारी लागली म्हणतात ती तेव्हा. इथेही तार आणि धागाच आहे, पण काम अगदी उलट. तो धागा नाद मोकळा करतो, हा धागा नाद आवरतो. पहिल्यातून गाण्याला बसायला जमीन मिळते आणि दुसऱ्यातून नाचायला.

फंकमध्ये, म्हणजे या जातीच्या संगीतात, स्वर कधी सुरू झाला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कधी संपला हेही. क्लॅव्हिनेटला पेडल नाही, स्वर लांबवायची सोय नाही. दाबलं की आहे, सोडलं की नाही. वाजवणाऱ्याने स्वर सोडला की तिथे स्वच्छ पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत ड्रमचा ठोका येऊन बसतो, बास बसतो, दुसरा क्लॅव्हिनेट बसतो. म्हणून थरांवर थर चढूनही गर्दी होत नाही. सुराचं वाद्य इथे तालवाद्य झालेलं आहे, आणि ते झालं बोट उचलण्यामुळे.

आता हे बनवणाऱ्याला भेटू. आठ-दहा वर्षं मागे चला, समुद्रापलीकडे. दक्षिण जर्मनीतलं ट्रोसिंगन, ब्लॅक फॉरेस्टच्या जवळचं छोटं गाव. इथे 1857 पासून होनर कंपनी आहे. नाव ओळखीचं वाटलं ना? घरातल्या कुणा काकाच्या किंवा मामाच्या खणात रुमालात गुंडाळलेला जो माउथ ऑर्गन असायचा, त्यावर हेच नाव कोरलेलं असे. कारखान्यात एर्न्स्ट त्सखारियास नावाचा तंत्रज्ञ वाकून काम करतो आहे. त्याच्या डोक्यात आहे क्लॅव्हिकॉर्ड: युरोपातलं जुनं, अतिशय हळू आवाजाचं वाद्य. इतकं हळू, की शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. त्यातही पट्टीच्या टोकाचा धातूचा तुकडा तारेला चिकटून राहतो, त्यातही टोकाला कापड किंवा लोकर विणलेली असते. त्सखारियासला हाच नाजूकपणा हवा होता, फक्त विजेने थोडा मोठा केलेला. 1964 मध्ये पहिला क्लॅव्हिनेट आला. घरात बसून जुन्या काळचं संगीत वाजवावं, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, असा शांत मनुष्याचा शांत विचार त्यामागे होता.

त्याच्या खांद्यावरून बघताना तुम्हाला वाटेल, याला सांगावं. पाचेक वर्षांनी द बँडचा गार्थ हडसन या तारा वाह-वाह पेडलमधून नेईल आणि त्या बेडकासारख्या बोलतील. बिली प्रेस्टन तेच करून त्यावर अख्खा वाद्यमेळ नाचवेल. पार्लमेंट-फंकाडेलिकचा बर्नी वॉरेल यातून काय काय काढेल त्याचा हिशेब नाही. पण सांगू नका. त्याला त्याच्या तारा नीट लावू द्या. त्याने हे वाद्य गोंगाटासाठी बनवलं असतं, तर ते इतकं अचूक थांबलं असतं की नाही, मला शंका आहे.

आता दुसरं वाद्य. कॅलिफोर्निया, 1971. हॉलिवूडमधला ट्रूबडोर क्लब. दाटीवाटीने बसलेली माणसं, धुराने जड झालेली हवा. गायक डॉनी हॅथवे वुर्लिट्झर नावाच्या विजेच्या पियानोवर आहे आणि त्याचं 'द गेटो' सुरू आहे. बारा मिनिटं चालणार आहे. थोड्याच वेळात सगळा क्लब टाळ्यांनी ताल धरेल आणि त्या टाळ्या ध्वनिमुद्रिकेत कायमच्या राहतील. नीट ऐकलंत तर त्यांत एक टाळी तुमची असेल असं वाटावं इतक्या त्या जवळ आहेत.

वुर्लिट्झर ऐकून तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल, आणि त्याला कारण आहे. याच्या पोटात तारा नाहीत, सूर आहेत. पेटीत असतात तसेच, एका टोकाला आवळलेले, दुसऱ्या टोकाला मोकळे. पेटीतले पितळेचे असतात आणि भात्याच्या वाऱ्याने बोलतात, इथले पोलादाचे आहेत आणि त्यांना खालून नमद्याचा हातोडा बसतो. सुराच्या टोकाला झाळणाचा एक थेंब असतो. सूर चढवायचा तर तो थेंब कानसायचा, उतरवायचा तर त्यावर भर घालायची. आपला पेटीवाला टोकाला खरवडून सूर चढवतो, तेच गणित. दीडशेच्या आसपास व्होल्ट धरून ठेवलेल्या पत्र्याच्या खाचेत हा सूर हलतो आणि त्या हलण्याचा आवाज होतो. हळू वाजवलं तर बासरीसारखं गोल, जोरात हाणलं तर कुत्रं दात दाखवतं तसा गुरगुरता आवाज. रे चार्ल्सने 1959 मध्ये 'व्हॉट्ड आय से'मध्ये हीच गुरगुर जगाला ऐकवली होती. हॅथवे मात्र गुरगुरीच्या अलीकडे, अगदी काठावर थांबतो. एका बोटाच्या वजनाएवढा फरक. पेटीवर भाता जास्त ओढला तर आवाज वाढतो, पण जात बदलत नाही. इथे जातच बदलते, म्हणून वाजवणाऱ्याच्या स्वभावाला लपायला जागा उरत नाही.

तिसरं वाद्य ऱ्होड्स, तोही विजेचा पियानो. त्याची गोष्ट सांगायला तुम्हाला एका लष्करी इस्पितळात न्यावं लागेल. दुसरं महायुद्ध चालू आहे. पलंगांची रांग. कुणाचा पाय बांधलेला, कुणी छताकडे डोळे लावून पडलेला. हॅरोल्ड ऱ्होड्स नावाचा पियानो शिकवणारा तिशीतला माणूस इथे जखमी सैनिकांना पियानो शिकवायला आला आहे. पण पलंगावरून न उठणाऱ्या माणसाला पियानो कसा शिकवणार? त्याने बी-17 विमानांच्या भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, त्यांचे स्वर जुळवले आणि एकोणतीस पट्ट्यांचा छोटा पियानो केला, पडल्या पडल्या मांडीवर ठेवता येईल असा. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या नळीतून 'सा' निघाला. तुम्ही पलंगाच्या पायाशी उभे राहून तो ऐका. फार बारीक, झायलोफोनसारखा आवाज आहे, वीज अजून यात आलेलीच नाही. एक बोट चाचपडत दुसरी पट्टी शोधतंय. त्या खोलीत तेवढाच आवाज आहे.

पुढे वीस वर्षं तो हे सुधारत राहिला. नळ्या गेल्या, त्यांच्या जागी पोलादी सळई आली, पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक, आणि तिच्या जोडीला वर एक पट्टी. दोन्ही मिळून विषम लांबीचा ट्युनिंग फोर्कच. हातोडा सळईला बसतो, पट्टी तिच्याबरोबर घुमते, समोरचा पिकअप ते टिपतो. सळईवर एक स्प्रिंग असते, ती पुढेमागे सरकवून सूर लावायचा. तंबोऱ्याचे मणी सरकवतात तसा. 1965 पासून फेंडर ऱ्होड्स या नावाने ते बाजारात गाजलं. आवाजाच्या सुरुवातीला मंदिरातल्या लहान घंटेसारखा एक कण, आणि मागे मऊ दूधट गोलाई.

1968 च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत, जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक पियानो शोधत येतो आणि त्याला पियानो दिसत नाही. कोपऱ्यात ऱ्होड्स आहे. माइल्स डेव्हिस सांगतो, तेच वाजव. हॅनकॉकला ते खेळणं वाटलं होतं, त्यानेच नंतर तसं सांगितलं आहे. तो एक स्वरसंघात दाबतो. तुम्ही त्याचा चेहरा बघा. कॉलेजात आधी इंजिनिअरिंग शिकलेला, घड्याळं उघडून बघणाऱ्या जातीचा हा माणूस. त्याचे डोळे पट्ट्यांवरून उठून कान लागतील तिकडे जातात.

पाच वर्षांनी, सप्टेंबर 1973 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याभोवती तीन-चार वाद्यं आहेत. 'हेड हंटर्स' ध्वनिमुद्रित होतोय. वाद्यवृंदात गिटारवाला नाही, आणि हे जाणूनबुजून आहे. गिटारची कटकट क्लॅव्हिनेट करणार. 'कमीलियन' सुरू होतं ते सिंथेसायझरच्या जाड, चिखलात पाय टाकत चालणाऱ्या बासने. त्यावर क्लॅव्हिनेट येतो, मोजकं, तिरकं बोलतो आणि गप्प बसतो. हार्वी मेसनचा ड्रम त्या गप्प बसण्याला उत्तर देतो. पंधरा मिनिटांहून लांब आहे ही रचना. अर्ध्या वाटेनंतर जमीन बदलते, वारं सुटल्यासारखं होतं आणि ऱ्होड्स पुढे येतो. इतका वेळ क्लॅव्हिनेटने स्वर तोडून तोडून दिला, म्हणून आता न तुटणारा हा आवाज अंगावर पाण्यासारखा येतो. एकाच्या लगामामुळे दुसऱ्याचं धावणं कळतं. मला विचाराल तर सगळ्या फंकमध्ये दोन वाद्यांचं याहून सुंदर लग्न दुसरं नाही.

पुढची दहा वर्षं झटकन ओलांडा, ती क्लेशकारक आहेत. 1983 मध्ये यामाहाचं डीएक्स 7 हे सिंथेसायझर आलं. काखेत मारून नेता येईल असं, सूर कधीही न उतरणारं. ऱ्होड्स साठ किलोच्या घरात, दोघांनी उचलून जिने चढवायचं. वाजवणाऱ्यांची पाठ दुखत होती, त्यांना दोष देववत नाही. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातच तिन्ही वाद्यं बंद पडली.

आणि आता, आजच्या काळात, एका दुरुस्तीच्या खोलीत या. टेबलावर क्लॅव्हिनेट उताणा पडलाय. पन्नास वर्षांत रबराच्या बोंड्यांचं डांबर झालंय. पट्टी दाबली की ते तारेला चिकटतं आणि सुटताना चिक् असा आवाज येतो. दुरुस्त करणारी बाई एकेक बोंडा चिमट्याने काढते, बूड घासून पुसते, नवा बसवते. साठ वेळा. मग जुनी लोकर उपसून काढते. ती धुळीने राखाडी झाली आहे. नवा धागा ती तारांमधून ओवायला घेते, एकीवरून, दुसरीखालून. शेजारच्या संगणकावर याच वाद्याची हुबेहूब नक्कल आहे. ती करणाऱ्यांनी प्रत्येक स्वराचं वाजणं टिपलं, आणि त्याखेरीज बोट उचलल्यावर तार लोकरीत विझते तो आवाजही वेगळा टिपून घातला. त्यावाचून नक्कल खोटी वाटत होती.

ओवणं झालं. ती काळी दोन दाबते. थांबते. सोडते. सोडल्यावरचं ऐकायला कान खाली नेते.

रात्र झाली आहे, तुम्ही घरी आहात. कोपऱ्यात पेटी आहे. आवरण काढा, पण भात्याला हात लावू नका, घर झोपलंय. उजवा हात काळ्या पट्ट्यांवर ठेवा. दोन, तीन, चार, पाच आणि एक. मनात ड्रम चालू द्या, शंभराच्या लयीत, किंचित लडखडता. आता वाजवा. वारा नाही, तेव्हा स्वर येणारच नाहीत. येईल ती पट्ट्यांची टकटक, लाकडावर लाकूड, स्प्रिंगची बारीक कुरकुर, बोट उठताना पट्टी वर येऊन टेकल्याचा ठक. चाल ओळखू येते. डाव्या हाताची बोटं भात्याच्या बंद पुठ्ठ्यावर आपोआप ठेका धरतात.